कांजिण्या ‘एकदाच उरकून’ टाकता येत नाहीत

मंगळवारी रात्री साडेदहाला धाकट्या बहिणीने फोटो पाठवला. एका उशीवर तीन डोकी. सात वर्षांचा थोरला, अंगभर कांजिण्या. त्याला चिकटून चार वर्षांची मधली. दोघांच्या मध्ये पाच महिन्यांचं बाळ, त्याची मूठ दादाच्या फोड आलेल्या मानेवर. खाली लिहिलेलं, “ताई, एकदाच उरकून टाकते सगळ्यांचं.”

मी तेव्हाच फोन लावला. सासरच्या ग्रुपवर आलेला मेसेज वाचून तिने हे केलं होतं. तोच मेसेज त्या आठवड्यात मला आणखी दोघींकडून आला. त्यात म्हटलंय ते थोडक्यात असं: घरात एका मुलाला कांजिण्या किंवा गोवर आला की बाकीच्यांना त्याच्याजवळ झोपवा, त्याच्याच पेल्यातून पाणी पाजा, म्हणजे सगळ्यांचं एकदम होऊन जातं. लहानपणी हे आजार हलके जातात. एकदा येऊन गेले की शरीर जन्मभरासाठी मोकळं, म्हणून लस नको. तापाला ॲस्पिरिन द्या. अंगाला पाणी लावू नका.

आधी त्या जवळ झोपवण्याबद्दल बोलते, कारण सगळ्यात जास्त घात तिथे आहे. लिहिणाऱ्याने असं धरून चाललंय की आजार एकतर लागतो नाहीतर लागत नाही, किती लागला याला काही अर्थ नाही. तसं नसतं. १९७९ मध्ये गिनी-बिसाऊ या देशाच्या राजधानीत गोवराची मोठी साथ आली, मुलं दगावली. तिथे काम करणाऱ्या पीटर आबी या डॅनिश संशोधकाने घरोघरची माहिती तपासली. मुलं कुपोषणामुळे गेली असतील असं सगळे धरून चालले होते. पण साथीच्या आधीच मुलांची वजनं-मापं घेतलेली होती, आणि गेलेली मुलं वाचलेल्यांपेक्षा काही जास्त हडकुळी नव्हती. फरक निघाला तो वेगळाच. बाहेरून गोवर घेऊन येणाऱ्या पहिल्या मुलापेक्षा, घरातच त्याच्याकडून लागण झालेल्या भावंडांमध्ये मृत्यूचं प्रमाण जास्त होतं. दाटीवाटीच्या घरांत, जिथे एकाच वेळी अनेक मुलं आजारी पडली, तिथे सगळ्यात वाईट अवस्था.

याचं कारण कुठल्याही आईला पटेल. बाहेर लागण होते तेव्हा मूल आजारी मुलाजवळ थोडा वेळ असतं. भावंडाकडून होते तेव्हा तोच श्वास, तीच उशी, रात्रंदिवस. विषाणूचा मारा कितीतरी मोठा. कांजिण्यांमध्येही हेच दिसतं. घरातल्या पहिल्या मुलापेक्षा त्याच्याकडून लागलेल्या दुसऱ्याला बहुधा जास्त फोड येतात. म्हणजे जे केल्याने आजार जड जातो, नेमकं तेच हा मेसेज करायला सांगतोय, आणि तेही मायेच्या भाषेत. मला चीड येते ती याची.

बरं, “एकदम होऊन जातं” हे तरी खरं आहे का? कांजिण्यांची लागण झाल्यापासून पुरळ उठेपर्यंत १० ते २१ दिवस जातात, बहुतेकदा दोन आठवडे. म्हणजे थोरला खडखडीत बरा होऊन शाळेत जाऊ लागेल तेव्हा मधली अंथरूण धरेल. एकदम काहीच उरकत नाही. आईच्या जागरणाची दुसरी फेरी सुरू होते, एवढंच.

आता एक गोष्ट मला कबूल करावी लागते. पुरळ दिसायच्या एक-दोन दिवस आधीपासूनच मूल आजार पसरवत असतं, आणि ज्यांना कांजिण्या झालेल्या नाहीत व लसही नाही अशा घरातल्या दहा जणांपैकी नऊ जणांना लागण होऊ शकते. त्यामुळे पहिला फोड दिसल्यावर भावंडांना वेगळं ठेवूनही अनेकदा उपयोग होत नाही. पण वाचवता येईलच याची खात्री नाही म्हणून स्वतःहून लावून द्यायचं, हा कुठला न्याय? सगळ्या फोडांवर खपल्या धरेपर्यंत, साधारण पाच ते सात दिवस, वेगळं अंथरूण, वेगळा टॉवेल, उघडी खिडकी एवढं तर कुणालाही करता येतं.

शिवाय घरात फक्त धडधाकट भावंडंच असतात का? मी बहिणीला विचारलं, “तुला स्वतःला कांजिण्या झाल्यात का गं?” ती गप्प. आईला झोपेतून उठवलं. आईला पक्कं आठवत होतं: मला, म्हणजे थोरलीला, झाल्या तेव्हा धाकटी जन्मलीच नव्हती, आणि तिला नंतर कधीच झाल्या नाहीत. लसही घेतलेली नाही. म्हणजे बाळाला आईकडून मिळणारं संरक्षण मिळालेलंच नव्हतं, आणि आई स्वतःही उघड्यावर. मोठेपणी कांजिण्या आल्या तर न्यूमोनियाचा धोका मुलांपेक्षा बराच जास्त असतो. घरात कुणी गरोदर असेल तर आणखी सांभाळावं लागतं. बाळंतपणाच्या आधीच्या पाच दिवसांत किंवा नंतरच्या दोन दिवसांत आईच्या अंगावर पुरळ उठलं तर नवजात बाळाच्या जिवावर बेतू शकतं. कॅन्सरचे उपचार चालू असलेलं, स्टेरॉइडवर असलेलं माणूस घरात असेल तर तेच. यातलं एक अक्षर त्या मेसेजमध्ये नाही.

“लहानपणी हलकं जातं” हे कांजिण्यांपुरतं अर्धं खरं आहे. बहुतेक निरोगी मुलं आठवड्याभरात बरी होतात. गोवराबद्दल मात्र हे साफ खोटं आहे. पाच वर्षांखालच्या मुलांनाच त्याचा धोका जास्त. आणि तो बरा झाल्यावरही नुकसान मागे ठेवतो. २०१९ मध्ये ‘सायन्स’ या विज्ञान-नियतकालिकात आलेल्या अभ्यासात, लस न घेतलेल्या मुलांच्या रक्तात आधी कमावलेली इतर आजारांविरुद्धची प्रतिपिंडं (अँटीबॉडीज) गोवरानंतर ११ ते ७३ टक्क्यांनी घटलेली आढळली.

“शरीर मोकळं” होत नाही. कांजिण्यांचा विषाणू मज्जातंतूंच्या मुळाशी दडून बसतो आणि म्हातारपणी नागीण होऊन वर येऊ शकतो. नागिणीची आग ज्यांनी घरात कुणाची पाहिली आहे, त्यांना मी अधिक सांगायला नको.

कांजिण्यांच्या लसीबद्दल बहुतेकांना माहीत नसलेली गोष्ट म्हणजे संपर्क आल्यानंतरही ती घेता येते. तीन दिवसांच्या आत घेतलेली उत्तम, पाच दिवसांपर्यंतही उपयोगी, आजार टळतो किंवा सौम्य होतो. गोवराच्या लसीसाठी ही मुदत ७२ तासांची आहे. म्हणजे जे दिवस धावपळ करून डॉक्टरांकडे जायचे, तेच हा मेसेज एका अंथरुणात घालवायला लावतो. कांजिण्यांची लस तयार करणाऱ्या जपानच्या मिचिआकी ताकाहाशींना या कामाकडे वळवलं ते त्यांच्याच लहान मुलाच्या जबर कांजिण्यांनी. हा आजार किती हलका असतो, ते त्या बापाने उशाशी बसून पाहिलं होतं.

ॲस्पिरिन मात्र अजिबात नको. कांजिण्या किंवा फ्लू असताना मुलांना ॲस्पिरिन दिलं तर रे सिंड्रोम होऊ शकतो. त्यात मेंदूला सूज येते, यकृत निकामी होतं. अमेरिकेत १९८० मध्ये याचे ५५५ रुग्ण नोंदले गेले. ॲस्पिरिन देऊ नका असे इशारे दिल्यावर १९८७ ते १९९३ या काळात हा आकडा कुठल्याही वर्षी ३६ च्या वर गेला नाही. तापाला पॅरासिटामॉल, तेही वजनानुसार. कांजिण्यांत आयबुप्रोफेनही डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

अंघोळीचं काय, कोमट पाण्याने घालावी, टॉवेलने चोळू नये. नखं कापावीत. खाजवून फोड चिघळतात ते पाण्याने नाही, नखांनी.

मूल पेंगुळलेलं राहिलं, जोरजोरात श्वास घेऊ लागलं, चालताना तोल जाऊ लागला, एखाद्या फोडाभोवती लाल, गरम सूज आली किंवा उतरलेला ताप परत चढला, तर थांबू नका. फक्त जाण्याआधी दवाखान्यात फोन करून कांजिण्या असल्याचं सांगा, म्हणजे बाहेरच्या बाकावर बसलेल्या गरोदर बाईशेजारी तुम्हाला बसवणार नाहीत.

बहिणीने त्या रात्रीच मधलीला आणि बाळाला दुसऱ्या खोलीत नेलं. बुधवारी सकाळी मधलीला आणि तिला स्वतःला लस मिळाली. बाळ लसीच्या वयाचं नाही, त्याच्यासाठी डॉक्टरांनी कशावर लक्ष ठेवायचं ते लिहून दिलंय. आज त्या फोटोला नऊ दिवस झाले. थोरल्याच्या खपल्या गळायला लागल्यात. उद्या दहावा दिवस, आणि एकविसाव्यापर्यंत ती रोज सकाळी बाळाचे कपडे काढून, खिडकीशी नेऊन, पोट आणि पाठ बघणार आहे. बघून झालं की मला एक शब्द पाठवते: “स्वच्छ.” आजचा आलाय.