पेठेचा विकास: जागामालकांसाठी हिताच्या चार गोष्टी

तालुक्याच्या गावी मुख्य पेठेत तुमची जागा आहे आणि पेठेचा कायापालट व्हावा असं तुम्हाला मनापासून वाटतं. वाटणारच. तुमच्या शेजाऱ्यालाही वाटतं. आता फक्त सगळ्यांनी एकत्र यायचं उरलंय.

पहिली सभा लग्नसराई संपल्यावर मंगल कार्यालयात घ्या, हॉल फुकट मिळतो. विषय एकच ठेवा: समितीचं नाव. भाडेकरूंना मात्र बोलावू नका. दुकानं तेच चालवतात, गिऱ्हाईक त्यांनाच ओळखतं, हे सगळं खरं. पण महिना साठ रुपये भाडं भरणाऱ्याला विकासातलं काय कळणार? 1999च्या भाडे नियंत्रण कायद्याने वर्षाला चार टक्के वाढ दिली आहे, म्हणजे साठाचे बासष्ट रुपये चाळीस पैसे. गाळा हातोहात बदलताना घेतलेल्या पागडीचा विषय कोणी काढलाच, तर लगेच चहा मागवा. (पागडीला त्याच कायद्याने मान्यता दिली आहे. पावतीची सवय मात्र कायद्याला लावता आलेली नाही.)

आजोबा जाऊन किती का वर्षं होईनात, मिळकत पत्रिकेवर त्यांचंच नाव असेल तर राहू द्या. वारस नोंद लावायला गेलात की ठाण्याचे चुलतभाऊ उगवतात आणि नाशिकच्या आत्यालाही आपला हिस्सा आठवतो. तिच्याकडून हक्कसोडपत्र प्रेमाखातर लिहून घ्यायचं असतं. तिने प्रेमाचा भाव विचारलाच, तर तिने माहेर तोडलं असं चारचौघांत सांगा.

आता मुख्य काम, रस्ता. रस्ता रुंद झालाच पाहिजे, या ठरावाला दोन्ही हात वर करा. रुंदीकरण समोरच्या बाजूने व्हावं, एवढी उपसूचना तेवढी जोडा. समोरचेही तीच जोडतील. दोन्ही एकमताने मंजूर करून घ्या. विकास योजनेच्या नकाशात रस्त्याची रेषा तुमच्या ओट्यावरून जात असेल, तर नकाशा जुना आहे म्हणा. नवा नकाशा आला की हरकत घ्या. सुनावणीला सगळ्यांनी मिळून जा, पण साहेबांना आतल्या खोलीत एकेकटे भेटा. 2020च्या डिसेंबरात मुंबई आणि काही अपवाद सोडून राज्यभर एकत्रित विकास नियमावली लागू झाली. तिच्यात बहुतेक ठिकाणी बांधकामाची मुभा समोरच्या रस्त्याच्या रुंदीवर ठरते. रस्त्यासाठी जागा सोडली तर मोबदल्यात टीडीआर (दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क) किंवा वाढीव एफएसआय (जागेच्या मानाने किती बांधता येतं ते प्रमाण) मिळण्याचीही सोय आहे. म्हणजे ओट्याचे चार फूट सोडले, तर वर मजला चढवता येईल. या भानगडीत पडू नका. वरचा मजला उद्याचा, ओटा आजचा आहे. आणि नगरपालिकेच्या गटारावर टाकलेली फरशी, तिच्यावरची पत्र्याची शेड, शेडखाली रोजाने बसवलेला चप्पलवाला, हे सगळं कोणती नियमावली परत देणार आहे?

वर्गणी ऐच्छिक ठेवा. टोरांटोच्या ब्लूर वेस्ट व्हिलेज या पेठेचं गिऱ्हाईक भुयारी रेल्वे आणि मॉलकडे वळलं, तेव्हा तिथल्या लोकांनी एक भलतीच चूक केली. आधी वर्गणी ऐच्छिकच होती. न देणारेही देणाऱ्यांच्या दिव्याखाली धंदा करत. मग त्यांनी सरकारकडून कायदाच करून घेतला आणि 1970पासून पेठेतल्या प्रत्येकाकडून कराबरोबर सक्तीने पैसे घेऊन ते त्याच पेठेत दिवे, झाडं, बाकांवर घातले. ही पद्धत पुढे जगभर पसरली. आपल्याकडे पसरू नये म्हणून दक्ष राहा. घरपट्टीची थकबाकी माफ करा, या मागणीवर पेठ आजही एका रात्रीत एकत्र येते. ती एकी दिव्याबाकांवर कशाला वाया घालवायची?

पार्किंगचा प्रश्न सोपा आहे: तुमची मोटारसायकल तुमच्याच दुकानासमोर, सकाळी नऊ ते रात्री नऊ. गिऱ्हाइकाने मारुतीच्या देवळामागे लावावी.

एवढं करूनही बिल्डर आलाच आणि आठ जागा एकत्र करून एकच इमारत करू म्हणाला, तर सातजणांना सही करू द्या. तुम्ही आठवे व्हा. भाव आठव्यालाच मिळतो. अडचण इतकीच की उरलेल्या सातांनीही हाच लेख वाचलेला असतो.

बायपासला घेऊन ठेवलेल्या दोन गुंठ्यांचा उल्लेख सभेत टाळा. अध्यक्षांचे तिथे चार आहेत.