सगळ्याच गोळ्या कुटायच्या नसतात
लेख आवडला, पण 'वयस्कर माणसाला गोळी गिळता येत नसेल तर कुटून मधातून द्या' हा सल्ला असा सरसकट देऊ नका हो. पाकिटावर नावापुढे एसआर, एक्सआर, ईआर असं काही असेल तर ती गोळी हळूहळू औषध सोडायला बनवलेली असते. खलबत्त्यात घातली की दिवसभराचा डोस एकदम अंगात! रक्तदाबाच्या गोळीत हे फार महागात पडतं. पॅन्टोप्रॅझोल या ॲसिडिटीवरच्या औषधाची तऱ्हा आणखी वेगळी. ते आम्लात टिकत नाही, म्हणून त्याचं आवरण जठर ओलांडून लहान आतड्यात विरघळतं. कुटलं की आवरणही गेलं आणि औषधही.

आमच्या सासूबाई मधुमेहासाठी मेटफॉर्मिन एसआर घेतात. शौचात अख्खी गोळी दिसली म्हणून 'पैसे पाण्यात' असं धरून बसल्या होत्या. ते नुसतं टरफल असतं, औषध केव्हाच शोषलेलं असतं. (म्हणून वर आणखी एक घ्यायची नाही!)

रक्तदाबाच्या मेटोप्रोलॉल एक्सएलसारखी (हीसुद्धा हळूहळू औषध सोडणारीच) रेघ असलेली गोळी रेघेवर अर्धी करता येते, पण चावायची नाही. गिळायला त्रास असेल तर डॉक्टरांना विचारा, बऱ्याच औषधांचं सिरप किंवा पाण्यात विरघळणारी गोळी मिळते.