‘लोकांनाच बदल नको आहे’ या दाव्याबद्दल

व्हॉट्सॲपवर फिरणारा एक मजकूर नागपुरातल्या अनेक गटांत येऊन गेला आहे. कायदे कडक आहेत, तक्रार करायला कोणी अडवत नाही, तरीही खेड्यांतली परिस्थिती बदलत नाही, त्याअर्थी दलितांनाच बदल नको आहे. आणि ॲट्रॉसिटी कायद्याखालचे (अनुसूचित जाती-जमातींवरील अत्याचार रोखणाऱ्या कायद्याखालचे) आरोपी सुटतात, त्याअर्थी तक्रारीच खोट्या असतात, असे त्याचे म्हणणे आहे.

बदल नको, हे विधान निदान नागपुरात तरी कोणी करू नये. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी येथे लाखोंनी धम्मदीक्षा घेतली आणि त्यापायी अनुसूचित जातींच्या केंद्रीय सवलती गमावल्या. त्या सवलती बौद्धांना मिळायला १९९० साल उजाडले.

तक्रार करायला कोणी अडवत नाही, हे मात्र नीट तपासले पाहिजे. भंडारा जिल्ह्यातील खैरलांजीत २००६ मध्ये भोतमांगे कुटुंबातील महिलांनी एका मारहाणीच्या गुन्ह्यात आरोपींची नावे सांगितली. २९ सप्टेंबरला ते आरोपी जामिनावर सुटले आणि त्याच संध्याकाळी या घरातील चौघांना ठार मारण्यात आले. नावे सांगण्याची शिक्षा आरोपी सुटल्यावर काही तासांत झाली. मारेकऱ्यांना सत्र न्यायालयाने दोषी ठरवले ते २००८ मध्ये, आणि २०१० मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने सहा जणांची फाशी २५ वर्षांच्या कारावासावर आणली. फाशी टळल्याची मला खंत नाही. दोन्ही न्यायालयांनी ॲट्रॉसिटी कायदा लागू केला नाही, याची आहे.

दरवेळी इतके टोक गाठावेही लागत नाही. तक्रारदाराला कापूस वेचणीला बोलावणे बंद होते, चक्कीवाला दळण परत पाठवतो, शेताच्या पांदणीवर काटे पडतात. ॲट्रॉसिटी कायद्याच्या २०१५ च्या दुरुस्तीने असा बहिष्कार गुन्हा ठरला खरा, पण तो लेखी कोण देतो? ‘यंदा मजूर लागत नाहीत’ एवढे उत्तर पुरते.

राहिला आरोपी सुटण्याचा मुद्दा. सुटका बहुधा पुरावा अपुरा पडल्याने होते. तक्रार खोटी होती, हा निष्कर्ष त्यातून आपोआप निघत नाही. काही तक्रारी खोट्या असतीलही, जशा कोणत्याही कायद्याखाली असतात. परंतु साक्षीदार रोजी बुडवून तारखेला येतो, व्हरांड्यात आरोपीच्या नातेवाइकांशेजारी बसतो आणि त्यांच्यासोबत त्याच एसटीने गावी परततो. तो फितूर का झाला हे विचारण्याआधी, या कायद्याच्या १९९५ च्या नियमांनुसार देय असलेला प्रवासखर्च आणि भत्ता त्याच्या हाती पडला का, हे मजकूर पुढे ढकलणाऱ्यांनी विचारावे.