सिंगल फेज मोटरला पंख्याचा रेग्युलेटर का दिला नाही: दुकानाकडून उत्तर

नमस्कार साहेब. आपण लिहिलंय की लाकूड कातायच्या लेथच्या एक एचपी मोटरसाठी वेग कमी करायला पंख्याचा रेग्युलेटर मागितला, तर आम्ही तो दिला नाही आणि महागडा ड्राइव्ह (मोटरचा वेग बदलणारं इलेक्ट्रॉनिक यंत्र) गळ्यात मारायला बघितला. घरचा पंखा रेग्युलेटरवर चालतो, मग मोटर का नाही, असंही विचारलंय. रेग्युलेटर मी आजही देणार नाही. कारण इथेच लिहितो, वडोदऱ्याच्या मकरपुरा जीआयडीसी औद्योगिक वसाहतीतले पुष्कळ जण हेच विचारत येतात.

पंख्याचा वेग उतरला की हवेचा भारही झपाट्याने उतरतो, म्हणून तो निभावतो. लेथवर हळू फिरणाऱ्या जाड ओंडक्याला पटाशी टेकवली की पुरता जोर लागतो. आणि व्होल्टेज निम्मं केलं तर मोटरचा जोर चौथाईच उरतो. आपल्यासारख्या चार पोलच्या (आत चार चुंबकीय ध्रुव असलेल्या) मोटरचा वेग विजेच्या ५० हर्ट्झला, म्हणजे वारंवारतेला बांधलेला असतो, पाटीवर १४४० च्या आसपास आरपीएम. व्होल्टेज दाबून तो फार हलत नाही, मोटर मात्र तापते.

त्यात आपली मोटर कपॅसिटर स्टार्टची, म्हणजे सुरू होताना कपॅसिटर आणि वेगळ्या स्टार्टिंग वाइंडिंगची मदत घेणारी. चालू केल्यावर आतून ‘टक’ आवाज येतो, तेव्हा सेंट्रिफ्युगल स्विच (फिरण्याच्या वेगाने उघडणारा) स्टार्टिंग वाइंडिंगला सोडतो. रेग्युलेटरवर जोर कमी पडून भाराखाली वेग बराच खाली आला की तो स्विच परत जोडला जातो. ती वाइंडिंग आणि तो कपॅसिटर काही सेकंदांसाठीच बनवलेले असतात. रिवाइंडिंगला आलेली अशीच एक मोटर मी आपल्याला काउंटरवर उघडून दाखवली होती: मुख्य वाइंडिंग तांबूस, स्टार्टिंगची पार कोळसा. आपली मोटर तशी होऊ नये, एवढीच माझी इच्छा होती.

ड्राइव्ह हर्ट्झ आणि व्होल्ट दोन्ही बरोबरीने उतरवतो, म्हणून जोर टिकतो. त्याला थ्री फेज मोटर लागते हे खरं, पण गाळ्यात थ्री फेज कनेक्शन नसलं तरी चालतं. २३० व्होल्टचा ड्राइव्ह सिंगल फेजवरून थ्री फेज काढतो. फक्त ४१५ व्होल्टला स्टारमध्ये जोडलेली छोटी मोटर टर्मिनल बॉक्समधल्या पट्ट्या बदलून डेल्टात घ्यावी लागते (स्टार आणि डेल्टा या वाइंडिंग जोडायच्या दोन पद्धती). ते काम आम्ही करून देतो, त्याचे पैसे घेत नाही. अगदी कमी वेगावर तासन्‌तास चालवायची असेल तर मोटरचा स्वतःचा पंखाही मंदावतो, तेव्हा वेगळा ब्लोअर बसवावा.

खर्च टाळायचा असेल तर स्टेप पुली (लहान-मोठ्या व्यासाच्या पायऱ्यांची पुली, पट्टा सरकवून वेग बदलायची) बसवा. हे मी त्या दिवशीही म्हटलं होतं. मोटरवर लहान आणि लेथवर मोठी पुली घेतली की वेग उतरतो आणि जोर उलट वाढतो. आपण संखेडा पद्धतीच्या (गुजरातेतल्या लाखेच्या रंगीत) फर्निचरचे पाय कातता, त्यात चालू कामात वेग बदलावा लागत नसेल तर हे पुरे आहे, ड्राइव्ह घेऊच नका.

हँड ड्रिलसारख्या कार्बन ब्रशच्या मोटरला रेग्युलेटर चालतो, तो आमच्याकडे मिळतो.

मोटरच्या पाटीचा फोटो आणि दोन्ही शाफ्टचा व्यास घेऊन या, पुलीचं माप काढून देतो. दुपारनंतर आलात तर निवांत बसता येईल.