सुईविषयी पुन्हा एकदा: एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

फोनच्या स्पीकरमधली धूळ घरच्या घरी कशी काढावी, या लेखावरची आपली प्रतिक्रिया मी सावकाश वाचली. फोन बंद करून, स्पीकरची बाजू जमिनीकडे धरून मऊ, कोरड्या ब्रशने जाळी हलकेच झाडावी, उरलेला कचरा टेपने उचलावा आणि सुई किंवा हवेचा डबा (दाबाखाली वायू भरलेला, नळीतून झोत सोडणारा डबा) वापरू नये, असे मी लिहिले होते. त्यावर आपण म्हणता, ‘सुईची भीती पुस्तकी आहे, मी कायम सुईनेच छिद्रे मोकळी करतो आणि माझा फोन ठणठणीत आहे, ज्यांनी आयुष्यात फोन उघडलेला नाही त्यांनी असले उपदेश करू नयेत.’ शिवाय फोन ‘आयपी ६८’ (धूळ आणि पाण्यापासूनच्या संरक्षणाचा दर्जा) असल्यास हवेचा डबा निर्धोक आहे, टेप कोणती ते मी सांगितलेले नाही आणि आवाज धुळीने बसला की स्पीकरच बिघडला हे ओळखायचे कसे याचा लेखात पत्ता नाही, असेही आपले म्हणणे आहे.

मतभेदाचे मला वावडे नाही. परंतु ज्याच्याविषयी आपल्याला काहीही ठाऊक नाही, अशा माणसाने काय उघडले आणि काय उघडले नाही याचा निकाल देण्याची आपली घाई मला समजली नाही. प्रश्नही विचारता आला असता. विचारलेला नसला तरी उत्तर देतो. लिहिण्याकडे वळण्यापूर्वी माझी उमेदीची वर्षे मोबाइल दुरुस्तीच्या टेबलावर गेली आहेत. सुईने भोसकलेल्या जाळ्या मी तिथे भिंगाखाली पाहिल्या आहेत, आणि त्या घेऊन येणारा जवळजवळ प्रत्येक ग्राहक ‘मी काहीच केले नाही’ असेच सांगत असे. आपण निदान केल्याचे सांगता, एवढाच काय तो फरक.

आता सुईकडे वळतो. चार्जिंगच्या खाचेच्या दोन्ही बाजूंची छिद्रे सारखी दिसली, तरी अनेक फोनमध्ये स्पीकर त्यांपैकी एकाच बाजूला असतो आणि दुसऱ्या बाजूला मायक्रोफोन असतो. बाहेरून हा भेद कळत नाही. छिद्राच्या आत अतिशय बारीक विणीची जाळी असते, आणि पाण्यापासून संरक्षण असलेल्या फोनमध्ये बहुधा तिच्या जोडीला एक पातळ पापुद्राही चिकटवलेला असतो. सुईचे टोक या विणीपुढे चांगलेच जाड ठरते. त्यामुळे सुई धूळ बाहेर काढण्याऐवजी ती विणीत आणखी घट्ट बसवते, नाही तर वीणच फाडते.

आपला फोन वाचला, त्याचे श्रेय आपल्या हाताच्या कौशल्याला देण्याचे कारण नाही. पुष्कळ फोनमध्ये स्पीकरचा पडदा छिद्राच्या थेट मागे नसतो. आवाज आतल्या चिंचोळ्या मार्गाने वळून बाहेर येतो, आणि म्हणून सुई पडद्यापर्यंत सहसा पोहोचतच नाही. उलट जाळीला भोक पडले की आवाज तात्पुरता मोकळा आणि मोठा ऐकू येतो व युक्ती साधल्याची माणसाची खात्री पटते. पुढे त्याच भोकातून धूळ आत जाऊ लागते, तिच्यातले लोखंडाचे कण स्पीकरच्या चुंबकाकडे ओढले जातात आणि आवाज वाढवला की खरखर सुरू होते. तोवर सुई विस्मरणात गेलेली असते. मायक्रोफोनचे तर आपल्याला कळणारही नाही, कारण आपला आवाज दबका जातो आहे हे पलीकडच्या माणसाला ऐकू येते, आपल्याला नाही. तेव्हा ‘ठणठणीत’ असा निर्वाळा आपण एकट्याने देण्याआधी, आपल्याशी फोनवर बोलणाऱ्यांनाही एकदा विचारून पाहावे.

हवेच्या डब्यावर फार लिहीत नाही. ॲपलसुद्धा आपल्या फोनसाठी तो वापरू नका असेच सांगते. डबा तिरका झाला तर आतला वायू द्रवरूपातच, अतिथंड अवस्थेत बाहेर पडतो. ‘आयपी ६८’मधला ६ धुळीपासूनच्या संरक्षणाचा आहे आणि ८ पाण्यात बुडण्याच्या चाचणीचा, जाळीजवळ नळी धरून मारलेल्या झोताची हमी त्यात कुठेही नाही.

धूळ की बिघाड, हा माझ्या लेखाचा विषयच नव्हता. तरीही ज्यांना उत्सुकता असेल त्यांनी एकच गाणे आधी इयरफोनवर आणि मग स्पीकरवर ऐकावे. पहिल्यावर स्वच्छ आणि दुसऱ्यावर दबके वाटले, तर जाळी तपासावी. स्पीकरवर ते फाटल्यासारखे ऐकू आले, तर ब्रशने काही साधण्याची शक्यता कमी. याहून अधिक विस्ताराची मला गरज वाटत नाही.

टेपचा आक्षेप मात्र रास्त आहे, जरी बऱ्याच वाचकांनी प्रकार न सांगताही ओळखला असावा. रंगकामात वापरतात ती कमी चिकट मास्किंग टेप घ्यावी, चिकट बाजू बाहेर ठेवून तिची लहान गुंडाळी करावी आणि ती जाळीवर न घासता नुसती टेकवून उचलावी. पॅकिंगची तपकिरी टेप नको; तिचा चिकटा जाळीत राहिला, तर नवी धूळ त्यालाच धरून बसते. ही ओळ मूळ लेखात आता जोडली आहे. सुईविषयीचा परिच्छेद जसाच्या तसा ठेवला आहे.