ओल्या सरपणाबद्दल खुलासा

‘ओलं लाकूड सावकाश जळतं, म्हणून ते घर जास्त वेळ उबदार ठेवतं, तोडल्या तोडल्या आणून शेगडीत घाला,’ असा सल्ला सध्या फिरतो आहे. तो चुकीचा आहे आणि धोक्याचाही.

सावकाश जळतं हे खरं. पण का? ताज्या लाकडाच्या वजनात बऱ्याचदा निम्मं पाणीच असतं. असं 10 किलो लाकूड वाहून आणलं, तर 5 किलो पाणी पाठीवर आलं. ते उकळून घालवण्यात लाकडातली जवळपास सातवा हिस्सा उष्णता खर्ची पडते. त्याहून मोठं नुकसान वेगळंच: आग थंड राहते, लाकडातले वायू पुरते जळत नाहीत, धूर होऊन निघून जातात. वाटेत धुराड्याच्या आत चिकट, डांबरासारखा थर धरतात. हा थर पेट घेतो. धुराड्यातल्या आगीने घरं जळालेली आहेत, म्हणून हे कळकळीने सांगते आहे.

ओलावा 20 टक्क्यांच्या खाली यायला हवा. त्याला सहा महिने ते दोन वर्षं लागतात. टणक लाकडाला जास्त. ओंडके आधी फोडा, कारण साल असलेलं अखंड लाकूड फार हळू वाळतं. जमिनीपासून उंच, वारा खेळेल असं रचा. झाकण फक्त वरून, बाजू मोकळ्या. आणि शक्य असेल तर तोडल्या जागीच वाळू द्या, मग वाहा. ओझं खूप हलकं होतं.