'मेटलवाले फक्त सोलो ऐकतात' या मेसेजबद्दल खुलासा

मुंबईच्या म्युझिक ग्रुप्सवर फिरतंय की मेटलमध्ये (हेवी मेटल, म्हणजे रॉकचा एक जोरदार प्रकार) लोकांना फक्त गिटार सोलो (गाण्यात मध्येच एकट्या गिटारला मिळणारी जागा) हवा असतो, रिफ (परत परत वाजणारी गिटारची छोटी धून), ड्रम्स, शब्द सगळी नुसती भरती. असं नाहीये. ब्लॅक सॅबथ या बँडच्या १९७० च्या पहिल्या अल्बमचं टायटल साँग लावा, तीन सुरांच्या रिफवरच उभंय. मेटालिका या बँडच्या २००३ च्या 'सेंट अँगर' अल्बममध्ये सोलोच नाहीत, त्यावर लोक चिडले हे खरं, पण स्नेअर ड्रमच्या टणटण आवाजावरूनही केवढी बोंब झाली, म्हणजे ड्रम्स कान देऊन ऐकतात ना! आणि आयर्न मेडन या बँडचं २००१ च्या रिओमधल्या कॉन्सर्टचं रेकॉर्डिंग ऐका, 'फिअर ऑफ द डार्क' या गाण्याला पब्लिक शब्द तर गातंच, गिटारची धूनपण गातं. तो मेसेज प्लीज पुढे ढकलू नका.